फिरणाऱ्या फिल्टरमागचा कोसाइन

‘फिक्स्ड एनडीच्या चार काचा कशाला बाळगायच्या? एक व्हेरिएबल घे, सगळे त्यात आले!’ व्हिडिओला नव्याने लागलेल्या माणसाला हा सल्ला हमखास मिळतो. एनडी (न्यूट्रल डेन्सिटी) म्हणजे लेन्सपुढे लावून प्रकाश कमी करणारा फिल्टर: फिक्स्डचे प्रमाण ठरलेले, व्हेरिएबलचे फिरवून बदलता येते. मला तो पटत नाही. कारण व्हेरिएबल एनडी म्हणजे कमी-जास्त काळी होणारी काच नव्हेच. ते वेगळेच यंत्र आहे, आणि फार सुंदर आहे.

एनडी लागतो कशाला, ते आधी पाहू. सेकंदाला २५ फ्रेम घेताना शटर १/५० सेकंद ठेवले की हलत्या वस्तू डोळ्याला सहज वाटतील इतक्या पुसट होतात. शटर १/२००० केले तर कारंज्याचा प्रत्येक थेंब मण्यासारखा सुटा दिसतो आणि पाणी अडखळत पडल्यासारखे वाटते. लख्ख उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनक्षमता) १०० ला साधारण एफ १६ (लेन्सचे छिद्र; आकडा लहान तितके छिद्र मोठे) आणि शटर १/१०० लागते. आपल्याला हवे एफ २.८ आणि १/५०, म्हणजे ६ स्टॉप जादा प्रकाश (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). तो ६४ पटींनी कमी करणारी काच म्हणजे एनडी ६४. काही काचांवर हेच घनतेच्या मापात १.८ असे लिहिलेले असते.

फिक्स्ड एनडी प्रकाश सरसकट अडवतो. व्हेरिएबलमध्ये मात्र दोन पोलरायझर असतात. पहिला प्रकाशलहरींचे एकाच दिशेतले कंपन पुढे सोडतो. निम्मा प्रकाश, म्हणजे एक स्टॉप, तिथेच जातो. म्हणून हा फिल्टर शून्यावर कधीच येत नाही. दुसऱ्यातून किती प्रकाश जाणार ते दोघांमधल्या कोनाच्या कोसाइनच्या वर्गावर ठरते. फ्रेंच शास्त्रज्ञ एत्येन-लुई माल्यूस यांचा हा १८०९ सालचा नियम.

आता फिल्टरचे फिरते कडे, म्हणजे रिंग, फिरवून बघा. शून्यापासून ४५ अंशांपर्यंत फिरवले तरी प्रकाश फक्त निम्मा होतो. पण ८५ वरून ८८ अंशांवर जाताना, अवघ्या ३ अंशांत, तो सहापट घटतो! आपले ६ स्टॉप येतात ८० अंशांच्या आसपास. लॉगमध्ये (नंतर रंग सुधारता यावेत म्हणून फिके चित्रण करण्याच्या पद्धतीत) कॅमेरा आयएसओ ८०० च्या खाली येत नसेल तर ९ स्टॉप लागतात, म्हणजे कोन ८६ अंशांच्याही पुढे. तिथे बोटाचा जरासा धक्काही एक्स्पोजर बदलतो.

याच टोकाला तो कुप्रसिद्ध ‘एक्स’, म्हणजे चित्रावरची फुलीसारखी काळोखी, उमटतो. वाइड लेन्समध्ये चौकटीच्या कडांचे किरण फिल्टरमधून तिरके येतात, आणि तिरक्या किरणाला दोन पोलरायझरमधला कोन वेगळाच ‘दिसतो’. एका बाजूच्या तिरप्या पट्ट्यात तो ९० अंशांकडे सरकतो आणि तिथे काळोखी येते. त्याला आडव्या जाणाऱ्या दिशेत कोन घटतो आणि उजळते. त्यामुळे जाहिरातीतल्या ‘आमच्या फिल्टरला एक्स नाही’ या वाक्याचा अर्थ बहुधा एवढाच, की त्या कोनाआधीच कडे अडवले आहे. तो उपाय प्रामाणिक आहे; त्यात जादूच्या लेपाचे काही नाही.

दुसरी गोष्ट आकाशाची. सूर्यापासून ९० अंशांवरचे निळे आकाश मुळातच बरेचसे ध्रुवीकृत असते, म्हणजे त्याच्या प्रकाशाचे कंपन बहुतेक एकाच दिशेत असते. पुढचा पोलरायझर फिरला की त्याची निळाई बदलते, पाण्यावरची आणि काचेवरची चमक येते-जाते, चेहऱ्यावरची तकाकीही उतरते. आपण फिरवायला गेलो एक्स्पोजर, बदलले दृश्य.

फिक्स्डही निर्दोष नाही. सेन्सरचे सिलिकॉन डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाशही टिपते. गडद काचेने दिसणारा प्रकाश रोखला आणि अवरक्त सोडला, तर काळा कोट तपकिरी दिसू लागतो. ६ स्टॉपच्या पुढे अवरक्त रोखणारी काचच घ्यावी.

माझी निवड अशी: ट्रायपॉड, वाइड लेन्स आणि मोठे आकाश असेल तर फिक्स्ड. माणसामागे आतून बाहेर चालत जायचे असेल तर निःसंकोच व्हेरिएबल. फक्त आधी सर्वांत वाइड लेन्सवर तो लावून कोऱ्या भिंतीकडे धरा, हळूहळू फिरवा, आणि भिंत डागाळायला लागली की तिथे कड्यावर पांढरा ठिपका करा. त्या लेन्सवर त्यापुढे जायचे नाही.