संस्था वेगळी, कायदेशीर पालक वेगळा

दिव्यांग मुलांच्या आई-वडिलांच्या कुठल्याही मेळाव्यात एक हात हमखास वर होतो. "आम्ही त्याला संस्थेत ठेवलंय, मग पालकत्वाची भानगड कशाला?" मागच्या रांगेतून उलटा प्रश्न येतो. "पालकत्वाचा दाखला मिळाला. आता आमच्यानंतर ते लोक त्याला ठेवतील कुठे?" हे दोन्ही ऐकून कान किटले आहेत. दोघांच्याही डोक्यात राहण्याची सोय आणि कायदेशीर पालकत्व यांची खिचडी झालेली असते. आणि ती उलगडते तेव्हा बहुतेक वेळा आई-वडील हयात नसतात.

निवासी संस्था म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. चार ठिकाणं पाहून, तिथल्या स्वयंपाकघरात डोकावून, काळजीवाहक किती जणांमागे एक आहे हे विचारून तुम्ही आला असाल. मुंबईत जागांचे भाव असे की बरीचशी ठिकाणं शहराबाहेर आहेत. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं 'घरकुल' आहे, बदलापूरला 'आधार' आहे. दोन्ही पालकांनीच उभी केली. नॅशनल ट्रस्ट म्हणजे अशा व्यक्तींसाठीची केंद्र सरकारची संस्था; तिच्या योजनांत 'समर्थ' ही मूळची थोड्या काळाच्या निवासाची आणि 'घरौंदा' 18 वर्षांवरच्यांसाठी कायमच्या निवासाची. एवढं पुरे. फक्त निवासी विशेष शाळेला आजीवन निवास समजू नका, तिथली मुदत साधारण 18ला संपते.

आता खरा गोंधळ.

मूल 18 वर्षांचं होईपर्यंत आई-वडील आपोआप कायदेशीर पालक असतात. 18 पूर्ण झाली की कायद्याच्या लेखी ते प्रौढ, मग त्याला स्वतःच्या शर्टाची बटणं लावता येवोत वा न येवोत. त्या दिवसापासून त्याच्या वतीनं सही करायचा अधिकार आईलाही उरत नाही. घरात हे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही, कारण बँकेतला ओळखीचा माणूस चालवून घेतो.

मग सोसायटी पुनर्विकासाला जाते. वडिलांनी 'त्याच्या भविष्यासाठी' फ्लॅट त्याच्या नावावर केलेला असतो. बिल्डरचा माणूस करारनामा टेबलावर ठेवतो आणि पानापानावर सही मागतो. चौतीस वर्षांचा मालक पेनाचं टोपण काढतो, लावतो, पुन्हा काढतो. आई म्हणते, मी करते सही. ते दुय्यम निबंधकाकडे चालत नाही. तो ज्या संस्थेत राहतो तिथल्या अधीक्षकांची सहीही चालत नाही, मग तिथे त्याची दहा वर्षं का झाली असेनात. (नॉमिनी म्हणून भावाचं नाव दिलंय, असं कुणीतरी इथे हटकून म्हणतं. नॉमिनीचा याच्याशी काडीचा संबंध नाही.)

सही करू शकतो तो 1999च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली नेमलेला पालक. त्याला नेमते जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती: जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. या नेमणुकीसाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. मुंबईत जिल्हे दोन आहेत हे मात्र अर्जदार विसरतात. माहीम-सायनपर्यंत मुंबई शहर, त्याचं कार्यालय फोर्टला जुन्या कस्टम हाउसमध्ये. पुढे उपनगर जिल्हा, वांद्रे पूर्वेला. डोंबिवली-बदलापूर ठाणे जिल्ह्यात. समितीचं प्रमाणपत्र खात्याच्या व्यवहारासाठी ग्राह्य धरावं असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना कळवलेलं आहे. काउंटरवर मान हलली नाही तर ते सांगा.

हा मार्ग चारच गटांसाठी आहे: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत म्हणून सगळ्यांना इथे दार उघडं, असं नाही. स्किझोफ्रेनिया इथे बसत नाही, डिस्लेक्सियाही नाही.

संस्था रोजचं पाहते: जेवण, औषधं, अंघोळ, कार्यशाळेत कागदी पिशव्या करणं. पालक निर्णय घेतो आणि हिशोब देतो. नेमणुकीनंतर 6 महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी सादर करायची, नंतर दर आर्थिक वर्ष संपल्यावर 3 महिन्यांत जमाखर्च. पण माझ्या मते पालकाचं सर्वांत मोठं काम कुठल्याच फॉर्मवर नसतं. न सांगता संस्थेत जाऊन थडकणं, दंडावरचा वळ कशाचा हे विचारणं, उत्तर पटलं नाही तर त्याला तिथून हलवणं.

म्हणून राहण्याची जागा आणि पालक एकच असू नये, यावर मी ठाम आहे. कायदा नोंदणीकृत संस्थेला पालक होऊ देतो आणि थकलेले आई-वडील 'सगळं एकाच ठिकाणी झालं' म्हणून निर्धास्त होतात. मला धास्ती वाटते ती याचीच. पालकानं हेळसांड केली किंवा पैशांचा गैरवापर केला तर त्याला काढण्याची मागणी आई-वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था करू शकते. पण नातेवाईक उरले नाहीत आणि पालक तीच संस्था असेल, तर संस्थेविरुद्ध बोलणार कोण? कुणीच आप्त नसेल तर पालक म्हणून दुसरी संस्था शोधा. गैरसोयीचं आहे, मान्य. तरीही.

याच्या उलट टोकाचाही वैताग आहे. सेरेब्रल पाल्सी असलेली, एम. ए. झालेली मुलगी, आणि आई-वडील तिच्यासाठी पालकत्वाचा अर्ज घेऊन उभे! तिला व्हीलचेअर जाईल असा दरवाजा हवाय. पालक लागतो का आणि कशापुरता, हे समितीनं आधी पाहायचं असतं. 2016चा कायदाही मर्यादित पालकत्वाचीच भाषा करतो, म्हणजे त्या व्यक्तीला विचारून, मिळून निर्णय. शर्ट कुठला घालायचा हे ठरवायला दाखला लागत नाही, आणि दाखला आहे म्हणून ते ठरवूही नये.

क्रमाबद्दल एकच सांगतो. अर्ज दोघंही हयात असताना करा, मूल 18 झालं की लगेच. आधी स्वतःला नेमून घ्या आणि पुढचा पालक कोण याची बोलणी तेव्हाच करून ठेवा. 'बहीण आहे ना' हे उत्तर बहिणीला विचारून द्या. तिची संमती लागते, आणि ती पुण्यात की टोरोंटोत राहते यानेही फरक पडतो. संस्थेच्या प्रवेश अर्जावर 'पालकाचे नाव' या रकान्यात शहात्तर वर्षांचे वडील स्वतःचं नाव लिहितात आणि पुढे कित्येक वर्षं तेच राहतं, फोन नंबर बंद पडला तरी. पुढच्या भेटीला गेलात की तो अर्ज काढायला लावा आणि दुसरं नाव, दुसरा नंबर तिथल्या तिथे लिहून घ्या.