राउंडर्सची बॅटिंग क्रिकेटसारखी शिकवू नका

इंग्लंडच्या शाळांत उन्हाळी सत्र आलं की राउंडर्सच्या (बेसबॉलसारखा खेळ: चेंडू मारायचा आणि चार पोस्टना, म्हणजे खांबांना, वळसा घालत पळायचं) बॅटा बाहेर निघतात आणि क्रिकेट कोळून प्यायलेल्या आईबाबांचे सल्लेही. "चेंडू खाली ठेव", "गॅप बघ", "आधी नजर बसू दे". पहिला सल्ला चालतो, कारण झेल इथेही बादच. दुसरा अर्धवट आहे. तिसरा मात्र निव्वळ घातक: प्रत्येक पाळीत एकच चांगला चेंडू मिळतो. नजर बसायला तिथे वेळच नसतो.

वरवरचे फरक चटकन उरकू. बॅट जास्तीत जास्त 46 सेंटीमीटरची आणि बहुधा एकाच हातात. चेंडू 70 ते 85 ग्रॅमचा, म्हणजे सीझन बॉलच्या निम्म्याच्या आसपास. गोलंदाजी खालून, आणि चेंडू गुडघ्याच्या वर, डोक्याच्या खाली यायला हवा. टप्पा पडला तर नो बॉल, त्यामुळे टप्पा ओळखायचा प्रश्नच नाही. बॅट जमिनीवर ठोकत उभं राहण्यालाही अर्थ नाही. बोलरकडे बाजू करून उभं राहायचं, बॅट मागे, खांद्याच्या उंचीला, तयार. चेंडू मारताना पाय बॅटिंगच्या चौकोनाच्या पुढच्या रेषेबाहेर गेला तर बाद.

आता खरा घोटाळा. क्रिकेटमध्ये चेंडू तटवून जागेवर उभं राहता येतं. राउंडर्समध्ये चांगल्या चेंडूवर बॅट लागो न लागो, पहिल्या पोस्टकडे पळावंच लागतं. धाव घ्यायची की नाही हा प्रश्नच उरत नाही. उरतो तो एवढाच, की पुढच्या पोस्टला चेंडू आधी लागतो (मग तुम्ही बाद) की तुम्ही आधी पोचता. म्हणून जागा शोधताना क्षेत्ररक्षक कुठे नाही एवढं बघून भागत नाही. चेंडू जिथे उचलला जाईल तिथून धोक्यातल्या पोस्टपर्यंतची फेक किती लांब पडेल, हे बघायचं. मोकळी जागा आहे, पण पोस्टपासून सहा मीटरवर, तर ती सापळाच.

मैदान डोळ्यांपुढे आणा. बॅटिंगच्या चौकोनातून पहिली पोस्ट 12 मीटर, तिथून दुसरी 12, तिसरी 12, आणि तिसरीपासून चौथी फक्त 8.5. पळणं घड्याळाच्या काट्यांच्या उलट, म्हणजे पहिली पोस्ट तुमच्या उजव्या हाताला, चौथी डाव्या. दुसरी समोर, बोलरच्या पाठीमागे, सुमारे 17 मीटरवर.

यावरून पहिला धक्का. क्रिकेटमध्ये जिचं सगळ्यांत कौतुक होतं ती सरळ ड्राइव्ह इथे सगळ्यांत वाईट. चेंडू बोलरच्या हातात आणि बोलर आपल्या गोलंदाजीच्या चौकोनात, की पोस्टवर थांबलेले सगळे जागीच अडकले. मारणारीला पहिल्या पोस्टवर बाद करायला मग एक छोटी फेक पुरते. बोलर चुकला तरी मागे दुसऱ्या पोस्टची खेळाडू उभीच आहे.

दुसरं, मागे मारायचं नाही. लेट कट, ग्लान्स घरी ठेवा. चेंडू मागच्या भागात गेला तर तो पुढे परत येईपर्यंत पहिल्या पोस्टपलीकडे जाता येत नाही. तिथे थांबलात तर त्या फटक्याचे गुण शून्य. फटका मारून दुसरी गाठली तर अर्धा राउंडर, म्हणजे अर्धा गुण, पुढच्या चेंडूआधी चौथी गाठली तर पूर्ण. पहिलीवर थांबून नंतरच्या चेंडूंवर घरी, म्हणजे चौथीवर, आलात तर परत बॅटिंगला मिळतं, गुण मिळत नाहीत.

मग मारायचं कुठे? पोस्ट रिकाम्या असतील तर उजव्या हाताच्या खेळाडूने डावीकडे, तिसरी-चौथीच्या मागे खोल. तिथून पहिलीपर्यंतची फेक अख्खं मैदान ओलांडून येते. जोर कमी असेल तर उजवीकडे अजिबात नको, कारण पहिल्या पोस्टची खेळाडू चेंडू उचलून तिथल्या तिथे पोस्टला लावते. तिसरीवर कोणी थांबलं असेल तर गणित उलटतं: डावीकडचा चेंडू चौथीच्या अगदी जवळ पडतो आणि घरी पळणारी बाद होते. अशा वेळी उजवीकडे, पण पहिलीच्या खेळाडूच्या पलीकडे, डीपमध्ये. तेवढी ताकद नसेल तर तिसरीवरचीने जागा सोडू नये, मागून कोणी त्याच पोस्टवर येऊन ढकलत नाही तोवर. एका पोस्टवर दोघी थांबू शकत नाहीत.

दिशा बदलायची ती मनगटाच्या झटक्याने नव्हे, चेंडू कधी गाठता त्यावर. डावीकडे हवा असेल तर शरीराच्या पुढे, लवकर. उजवीकडे हवा असेल तर चेंडू पुढच्या कमरेच्या रेषेत येऊ द्यायचा आणि पुढचं पाऊल पहिल्या पोस्टच्या दिशेने टाकायचं. डावखुऱ्यांना हे उलट. दोन शंकू डावीकडे, दोन उजवीकडे ठेवून, क्षेत्ररक्षकांशिवाय, हळू चेंडूंवर आधी एवढंच घोटून घ्या. मग प्रत्येक चेंडूआधी मुलीने मोठ्याने सांगायचं: कोणती पोस्ट भरलेली आहे आणि मी कुठे मारणार. हा टप्पा गाळून "जोरात मार!" ओरडणाऱ्या शिक्षकांचा मला मनस्वी कंटाळा आहे. जोरात मारलेला चेंडू डीपच्या हातात गेला तर तो नुसता झेल.

फटक्यानंतर बॅट टाकायची नाही, हातात घेऊनच पळायचं. बेसबॉल बघून आलेल्यांची ही सवय पहिल्याच दिवशी मोडा. पोस्टच्या बाहेरून पळायचं आणि थांबायचं असेल तर हाताने किंवा बॅटने पोस्टला टेकून राहायचं. नजर चेंडूवर नाही, बोलरवर: चेंडू त्याच्या चौकोनात पोचला तेव्हा तुम्ही दोन पोस्टच्या मधे असाल तर पुढच्या पोस्टपर्यंत जाता येतं, टेकून असाल तर हलायचं नाही. पहिलीवर पोचताना बोलरचे हात रिकामे दिसले आणि चेंडू अजून डीपमध्ये असला, तर न थांबता दुसरीकडे.