हॅलो किटीला तोंड का नाही?

"लेकीचा तोंडाचा कॅन्सर बरा व्हावा म्हणून आईने सैतानाशी करार केला, म्हणून हॅलो किटीला तोंड नाही, चिनी भाषेत किटी म्हणजे सैतान." हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. तो वाचून मुलीचं या मांजरीसारख्या दिसणाऱ्या कार्टूनचं चित्र असलेलं दप्तर बदलावंसं वाटलं, तर त्यामागे काळजीच असते.

आधी शब्द बघू. किटी हा इंग्रजी शब्द, अर्थ मांजरीचं पिल्लू. सैतानाला चिनीत 'मोग्वेई' म्हणतात. कुठल्याही ऑनलाइन शब्दकोशात पाच मिनिटांत खात्री होते.

आता तोंड. हे चित्र १९७४ मध्ये जपानमधल्या भेटवस्तूंच्या एका कंपनीत तयार झालं. विक्रीला आलं ते सुट्ट्या नाण्यांच्या छोट्या पाकिटावर: एका बाजूला दुधाची बाटली, दुसरीकडे गोल्डफिशचं भांडं, मधे बसलेली किटी. तोंड न काढण्याचं कारण कंपनीनेच सांगितलंय: बघणाऱ्याच्या मनात जे असेल, तेच तिच्या चेहऱ्यावर दिसावं. रुसलेल्या मुलीला ती उदास वाटते, खुशीतल्या मुलीला हसरी. मला ही कल्पना फार लोभस वाटते. जगभरच्या मुलांना किटी आपली वाटते, त्यात या कल्पनेचा मोठा वाटा असणार.

आणि कार्टून मालिकांमध्ये तिला तोंड आहेच. एखादा जुना भाग मुलीसोबत लावून बघा, ती छान बोलते.