न्यूयॉर्कमध्ये सहावीसाठी आर्ट्स प्रोग्रॅम आणि आयईपी: अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

ज्यांची मुलं यंदा पाचवीत आहेत त्यांच्यासाठी लिहितेय. दर ऑक्टोबरला क्वीन्समधल्या आपल्या लोकांचे तेच फोन येतात, आणि चांगली गाणारी, चित्रं काढणारी मुलं त्याच दोन-तीन चुकांपायी मागे राहतात, बघवत नाही.

सोपं ते आधी. अर्ज मायस्कूल्स या शहराच्या शाळाप्रवेशाच्या पोर्टलवर, फी नाही, शाळा खऱ्या आवडीच्या क्रमाने लावायच्या. पहिल्या दिवशी भरला म्हणून नंबर वर जात नाही. मुदत साधारण डिसेंबरात संपते, नक्की तारीख पोर्टलवर बघा. व्हिसा कुठला ते कोणी विचारत नाही, त्या भीतीने थांबू नका.

आता ऑडिशन. खूप जणांना वाटतं, आधी अर्ज भरू, मग शाळा बोलावेल. बऱ्याच ठिकाणी व्हिडिओ त्याच पोर्टलवर, त्याच मुदतीत टाकायचा असतो, म्हणजे डिसेंबरात तयारी सुरू करून उपयोग नाही. प्रत्येक शाळेच्या अटी वेगळ्या. कोनी आयलंडच्या मार्क ट्वेन शाळेला दोन टॅलेंट निवडावी लागतात, म्हणून "आमचा फक्त तबला वाजवतो" म्हणून भागत नाही. कुठली वाद्यं चालतात, किती मिनिटांचं वाजवायचं, हे शाळेच्या पानावर वाचूनच रियाझ ठरवा. आणि व्हिडिओ कापून जोडू नका, चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून.

सगळ्यात जास्त अडतं ते आयईपीपाशी, म्हणजे शिकताना खास मदत लागणाऱ्या मुलासाठी बनवलेल्या लेखी शिक्षण-आराखड्यापाशी. एक ताई माझ्या स्वयंपाकघरात पुण्याच्या सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट घेऊन बसल्या होत्या, प्रत्येक पान प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये, लेकाला डिस्लेक्सिया आहे असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. पण तो रिपोर्ट म्हणजे आयईपी नाही! तो विचारात घेतात, पण आयईपी इथल्या मूल्यमापनानंतरच बनतो, आणि त्यासाठी शाळेला लेखी विनंती करावी लागते. पत्र मराठीतही चालतं. मूल्यमापनाला ६० दिवस असतात, ते तुमच्या पत्रापासून नाही, तुम्ही संमतीच्या कागदावर सही करता तिथपासून. हे कोणी नीट सांगत नाही आणि लोक पत्र देऊन निवांत बसतात, कागद दप्तरात पडून राहतो. ताई नोव्हेंबरात आल्या होत्या. हिशोब तुम्हीच करा.

एवढी घाई का, तर बऱ्याच प्रोग्रॅममध्ये आयईपीवाल्या मुलांच्या सीट वेगळ्या धरतात. पण दिवसाच्या २० टक्क्यांहून जास्त वेळ स्पेशल एज्युकेशनची सोय लिहिली असेल तरच, उदाहरणार्थ आयसीटी, म्हणजे एकाच वर्गात दोन शिक्षक, एक नेहमीचे आणि एक स्पेशल एज्युकेशनचे, आणि सगळी मुलं एकत्र. आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी एवढंच असेल तर मूल जनरल सीटमध्येच मोजलं जातं. ५०४ प्लॅनला, म्हणजे स्पेशल एज्युकेशन नको पण अपंगत्वामुळे वर्गात सवलती लागतात अशा मुलाच्या आराखड्याला, वेगळ्या सीट नाहीत, सवलती मिळतात. आयईपी उशिरा झाला तरी जी शाळा मिळेल तिने तो पाळायचाच आहे, फक्त त्या सीटची संधी गेलेली असते.

आणि कृपा करून आयईपी लपवू नका. "नाव खराब होईल" म्हणून सही न करणारे बाबा मी पाहिलेत. आयईपी आहे म्हणून शाळा मुलाला नाकारू शकत नाही, उलट ऑडिशनला जास्त वेळ किंवा अशी काही सवलत लागत असेल तर त्याच आधारावर मागता येते.

नवीन आलेल्यांसाठी एक. चुलत भावाकडे राहताय आणि लीज त्याच्या नावावर आहे, तर पत्त्याचा पुरावा कुठून आणणार? अशांसाठी अफिडेव्हिट ऑफ रेसिडेन्सी असतं, ज्याच्या नावावर लीज त्याने भरून द्यायचं. फॅमिली वेलकम सेंटरला, म्हणजे शाळाप्रवेशाच्या मदत कार्यालयात, गेलात तर दुभाषा मागा, आयईपीच्या मीटिंगलाही मागा, तो तुमचा हक्क आहे, मुलालाच भाषांतराला बसवू नका.

पत्र देताना वर तारीख टाका, एक कॉपी स्वतःकडे ठेवा, आणि संमतीचा कागद घरी आला की त्याच दिवशी सही करून परत पाठवा.