'विष'चं लॅटिन भावंड

'व्हायरस हा शब्द संस्कृत विषवरून आला', असा संदेश परवा पुन्हा व्हॉट्सॲपवर आला. 'विष'शी त्याचं नातं आहे हे खरं, पण ते आईचं नाही, भावंडाचं. दोघांची आई याहून जुनी भाषा. सगळं संस्कृतातूनच निघालं म्हणणाऱ्यांना ही आईच दिसत नाही.

लॅटिनमध्ये हा शब्द 'वीरुस'. अर्थ चिकट स्राव, विष, उग्र दर्पसुद्धा. मग 'ष'च्या जागी 'र' कुठून आला?

मूळ शब्दात दोन स्वरांमध्ये साधा 'स' होता. स्वर म्हणताना घशातल्या स्वरतंतूंना कंप असतो. 'स'साठी तो क्षणभर थांबवावा लागतो. रोमन लोकांनी तो थांबवणं सोडलं, तेव्हा 'स'चा 'माझा'तल्यासारखा 'झ' झाला. मग जीभ आणखी सैलावली आणि 'र' उमटला. इ.स.पू. चौथ्या शतकापर्यंत हे घडून गेलं होतं. पापीसिउस घराणं पापीरिउस कसं झालं, ते रोमन वक्ता सिसेरोने एका पत्रात लिहून ठेवलंय. फूल म्हणजे 'फ्लोस', पण फुलाचं म्हणजे 'फ्लोरिस': शेवटचा 'स' टिकला, स्वरांच्या कचाट्यातला गेला. संस्कृतात इ-उनंतरच्या 'स'चा 'ष' झाला, म्हणून 'विष', म्हणून 'स्नुषा'. ही स्नुषा मराठीत 'सून' आणि लॅटिनमध्ये 'नुरुस'! शाळेत घोकलेलं 'हरिः + अत्र = हरिरत्र' आठवा. तिथेही स्वरांमधला मूळ 'स'च 'र' होतो.

व्याकरणात 'वीरुस' हा शब्द चकवतो. शेवटी 'उस' असलेली नामं बहुधा पुल्लिंगी, हे मात्र नपुंसकलिंगी. त्यामुळे 'फलम्'प्रमाणे प्रथमा आणि द्वितीया सारखीच. अभिजात लॅटिनमध्ये त्याचं अनेकवचन सापडत नाही. दूध, तेल यांसारखं ते न मोजण्याचं नाम. 'व्हायराय' हे लॅटिन अनेकवचन म्हणून मिरवलं जातं, ते चूक. लॅटिनमध्ये ऱ्हस्व 'वि'चं अनेकवचन 'विरी' आहे, पण त्याचा अर्थ पुरुष. त्याचं एकवचन 'विर', आपल्या 'वीर'चा भाऊ.

1898 मध्ये डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी रोगट तंबाखूचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला. तरी रोग पसरतच राहिला. त्यांना ते संसर्ग पसरवणारं जिवंत द्रव वाटलं, आणि त्यासाठी त्यांनी हाच ओला शब्द वापरला. 1935 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ स्टॅन्ली यांनी त्याचे स्फटिक मिळवले. ते द्रव नव्हतं, कण होते. मराठीने 'विष'ला 'अणू' जोडून 'विषाणू' केलं, आणि त्या न मोजता येणाऱ्या शब्दाचं भावंड मोजता येऊ लागलं.