काळी ब्लाँड की शाँतिली? रंगावर जाऊ नका

जुन्या युरोपियन लेसमध्ये पहिला घोळ या दोघींचा होतो. ब्लाँड म्हणजे सायीच्या रंगाची आणि शाँतिली म्हणजे काळी, असं सर्रास सांगितलं जातं. सुरुवातीपुरतं ते खरंही आहे. दोन्ही मूळ फ्रान्सच्या, दोन्ही रेशमाच्या, दोन्ही उशीवर टाचण्या टोचून बॉबिनांनी, म्हणजे धागा गुंडाळलेल्या छोट्या काड्यांनी, विणलेल्या. अठराव्या शतकात ब्लाँड न रंगवलेल्या रेशमाची व्हायची, त्यावरूनच तिचं नाव पडलं. पण पुढे काळी ब्लाँड भरपूर निघाली आणि पांढरी शाँतिलीही आली. मग रंग बघून निवाडा करायचा कसा?

धाग्याचा पीळ बघायचा. शाँतिलीचं रेशीम इतकं घट्ट पिळलेलं असतं की त्याची चमकच जाते. हात लावेपर्यंत सुती वाटावं. जाळीला आणि फुलांना धागा एकाच जातीचा. पाकळी भरताना विणकरीण अर्धा टाका घालते, त्यामुळे पाकळीच्या आतही बारीक जाळीच राहते. कडेने तेवढा एक जाड, सैल धागा फिरवलेला. पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. काळा धागा एकच, पण दाट-विरळ विणीमुळे करड्याच्या दोन-तीन छटा उमटतात, पेन्सिलीने शेडिंग केल्यासारख्या. नॉर्मंडीतल्या बायूच्या कारागिरांनी या छटांवर फार मेहनत घेतली. मला विचाराल तर लेसमधलं सगळ्यात हुशार रंगकाम हेच.

ब्लाँडचा खाक्या उलटा. जाळी बारीक धाग्याची, पण फुलं जाड, जेमतेम पिळलेल्या रेशमाची आणि कापडासारखी भरगच्च. लेस उजेडात जरा तिरकी धरली की फुलं लखलखतात आणि जाळी मागे सरते. काळ्यावर काळं असूनही नक्षी लांबून कळते ती या चकाकीमुळे.

स्पेनमध्ये डोक्यावरून घ्यायच्या मांतिलासाठी आजही दोन्ही चालतात. तिथे ब्लाँडला ब्लोंदा म्हणतात. रंग ठरतो तो प्रसंगावरून: ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहात काळी, बैलझुंजीला पांढरी. 1871 मध्ये माद्रिदच्या खानदानी बायकांनी इटलीहून आणलेल्या राजा आमादेओच्या निषेधार्थ फ्रेंच टोप्या बाजूला ठेवून मुद्दाम मांतिला घातल्या होत्या.

आपल्याकडे मॅचिंग सेंटरात मीटरवर मिळणारी 'शँटिली' यंत्रावरची. यंत्राची नक्कल एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली होती.

हातची जुनी काळी लेस मिळालीच, तर तिची घडी घालू नका. रेशीम काळं करायला लोहाचे क्षार वापरत. त्यांनी धागा वर्षांनुवर्षांत ठिसूळ होतो, काळा रंग तपकिरीकडे झुकतो आणि घडीवरच लेस तुटते. रुंद नळीवर मऊ कागदासकट गुंडाळून, उजेडापासून लांब ठेवलेली बरी.