कवडी

कवडी (स्त्री.; अ. व. कवड्या) : उबदार, उथळ समुद्रात राहणाऱ्या गोगलगाईच्या जातीच्या एका मृदुकाय प्राण्याचे कवच. पाठ फुगीर, पोट चपटे, पोटावर उभी फट आणि फटीच्या दोन्ही काठांना दाते. प्राणिशास्त्रात हा शब्द प्राण्यालाही लावतात. रोजच्या मराठीत मात्र कवडी म्हणजे रिकामे कवचच. तिसऱ्या आणि कालवे हेही कवचातलेच प्राणी, पण खायचे. तिसऱ्या म्हटल्या की ओल्या खोबऱ्यातले सुके आठवते, कालवे म्हटली की ओहोटीला खडकावर बसून ती फोडणाऱ्या बायका डोळ्यांपुढे येतात. कवडीत कधीकाळी जीव होता, हे मात्र सहसा कुणाच्या मनातही येत नाही. तिसऱ्या-कालवे खाडीतून थेट चुलीवर आली. कवडी आली ती व्यापाऱ्याच्या गोणीतून, मोजून द्यायची-घ्यायची वस्तू म्हणून, आणि मराठीत ती रुळली तीही तशीच.

संस्कृतात तिला कपर्द, कपर्दक, कपर्दिका म्हणतात. प्राकृतातल्या ‘कवड्ड’वरून मराठी कवडी आणि हिंदी कौडी हे शब्द आले. हिंदीतला शब्द पुढे इंग्रजीत जाऊन ‘काउरी’ झाला. आकाराने मोठी असली तर मराठीत तिचा कवडा होतो. कपर्द या शब्दाला वळलेल्या जटेचाही अर्थ आहे आणि ऋग्वेदात रुद्राला ‘कपर्दिन्’ म्हटले आहे. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचा कपर्दिकेश्वर, जिथे श्रावणी सोमवारी तांदळाच्या पिंडी रचतात, त्याच्या नावात हाच शब्द आहे. संस्कृतातली दुसरी नावे वराटक आणि वराटिका. ती बोलीत उतरली नाहीत. गणिताच्या आणि वैद्यकाच्या पोथ्यांतच राहिली.

चलनातली कवडी म्हणजे मुख्यतः मॉनेटेरिया मॉनेटा ही जात. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली तिला नाव देतानाच लॅटिनमधला नाण्याचा शब्द वापरला. ती पिवळसर पांढरी, साधारण दोन-तीन सेंटीमीटर लांब असते आणि पाठीच्या कडांना तिला टेंगळे असतात. लहानपणी हिचे कवच पातळ आणि साध्या गोगलगाईसारखे गुंडाळलेले असते. वाढ पुरी होताना बाहेरचा ओठ आत वळतो आणि टोकाचा पीळ झाकला जातो. जिवंत प्राणी अंगाचे मऊ पडदे दोन्ही बाजूंनी वर काढून कवच पांघरून घेतो, त्यामुळे त्याला ओरखडे पडत नाहीत की शेवाळ धरत नाही. कवडीची चकाकी कुणी घासून आणलेली नसते, ती या पांघरुणामुळे असते. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर कवड्यांच्या इतर काही जाती सापडतात, पण पैशाची कवडी गोण्या भरभरून आली ती मालदीवहून.

१४व्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता मालदीवमध्ये काझी होता. कवड्या समुद्रातून काढून किनाऱ्यावरच्या खड्ड्यांत टाकतात, मांस कुजून गेले की पांढरे कवच उरते, असे त्याने लिहून ठेवले आहे. तिथे चार लाख कवड्यांना सोन्याचा एक दिनार मिळे. त्या बंगालला जात आणि बदल्यात तांदूळ येई. एकसारख्या आकाराची, झिजायला चिवट आणि खोटी बनवता न येणारी ही वस्तू सुट्ट्या पैशाच्या कामाला चोख होती. पुढे युरोपीय कंपन्यांनी त्याच कवड्या जहाजांनी पश्चिम आफ्रिकेत नेल्या आणि तिथे त्यांच्या मोबदल्यात माणसे विकत घेतली. किरकोळपणाचे माप म्हणून कवडीचे नाव घेताना हा हिशेबही ध्यानात असावा.

कवडीची अंकगणिती किंमत भास्कराचार्यांनी १२व्या शतकात लीलावती या गणिताच्या ग्रंथाच्या आरंभीच देऊन ठेवली आहे : ‘वराटकानां दशकद्वयं यत् सा काकिणी’. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. म्हणजे एका पणाला ८० कवड्या आणि द्रम्माला १,२८०. आता १७७०च्या दशकाच्या अखेरीस सिल्हेटला (आता बांगलादेशात) गेलेल्या रॉबर्ट लिंडसे या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याची नोंद पाहा. तिथला शेतसारा कवड्यांतच गोळा होई आणि दर होता रुपयाला ५,१२०. जुन्या रुपयाच्या ६४ पैशांनी भागले तर पैशाला बरोबर ८० येतात. मधे सहा शतके गेली आणि राज्ये बदलली, तरी ऐंशीचा तो गठ्ठा कायम होता. ओडिशात कंपनी सरकारने कवडीचे चलन मोडून सारा रुपयांत मागायला सुरुवात केली, आणि १८१७च्या पाइकांच्या (तिथल्या जमीनधारक शिपायांच्या) उठावामागच्या कारणांत तेही एक धरले जाते. शिवकाळापासून पुढे महाराष्ट्रात सुट्ट्या व्यवहाराचा भार तांब्याच्या शिवराईवर होता. तरीही सगळ्यांत हलक्या किमतीचा शब्द म्हणून मराठीने शिवराईऐवजी कवडीच धरली.

‘कवडीमोल’ हा त्यातला सर्वांत चालता शब्द. कांद्याचा किंवा टोमॅटोचा भाव पडला की ‘कवडीमोल दराने’ हे शब्द बातमीत येतातच. सिल्हेटच्या दराने पाहिले तर रुपया किलोने गेलेल्या कांद्यालाही ५,१२० कवड्या पडतात, तेव्हा खरे कवडीमोल फार खालचे. पण म्हणणाऱ्याला हिशेब मांडायचा नसतो, जीव कळवळलेला असतो. ‘फुटकी कवडी’ नेहमी नकारातच येते : फुटकी कवडी देणार नाही, जवळ फुटकी कवडी नाही. कवडीला किंमत नाही, मग फुटकीला कुठली, असा त्यातला भाव. ‘त्याच्या शब्दाला कवडीची किंमत नाही’ यात पैशाचा संबंधच सुटला आहे. ‘कवडीचुंबक’ म्हणजे कवडीलाही लोहचुंबकासारखा चिकटणारा, कंजूष. ‘कवडी कवडी जोडणे’ यात मात्र काटकसर असते आणि बोलणाऱ्याच्या सुरावरून कळते की कौतुक चालले आहे की टोमणा. दमडी आणि छदाम हेही याच कुळातले शब्द, पण खालची पायरी कवडीचीच.

पैशाशी काडीचा संबंध नसलेला एक अर्थ दुधाच्या धंद्यात आहे. दही इतके घट्ट लागले की डाव घातल्यावर ते न फुटता गुळगुळीत, फुगीर वड्यांनी निघते. ते कवडीचे किंवा कवडीदार दही. उपमा कवडीच्या पाठीची आहे, आणि इथे मात्र कवडी म्हणजे उत्तम मालाची खूण.

बाजारात सगळ्यांत स्वस्त असलेली हीच वस्तू तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यात मानाची आहे. आराधी, गोंधळी आणि विशेषतः भुत्या यांच्या वेषात कवड्यांच्या माळा हव्याच; भुत्याच्या अंगावर त्या आडव्यातिडव्या असतात आणि हातात पेटता पोत. यल्लम्माच्या जोगतिणीही कवड्या घालतात. छत्रपती शिवाजी महाराजांच्या चित्रांत गळ्यात कवड्यांची माळ दाखवतात, ती भवानीच्या भक्तीची खूण म्हणून. बंजारा स्त्रियांच्या भरतकामात कवड्या टाकलेल्या असतात आणि पोळ्याला बैलाच्या गळ्यातही कवड्यांची माळ चढते. कापडावर सपाट बसावी म्हणून शिवायच्या कवडीची फुगीर पाठ काढून टाकतात, त्यामुळे भरतकामात दिसते ती तिची दातेरी फट.

खेळात कवडी फाशाचे काम करते. चंगाष्टा, चल्लस-आठ अशी गावोगावी नावे असलेल्या खेळात चार कवड्या मुठीत खुळखुळवून जमिनीवर टाकतात. जितक्या उताण्या पडल्या तितकी घरे चालायची. चारही उताण्या पडल्या तर बहुतेक ठिकाणी चार धरतात, चारही पालथ्या पडल्या तर आठ. कवड्या नसल्या तर चिंचोके मधोमध फोडून वापरतात : एक बाजू काळी, एक पांढरी.

आयुर्वेदात कवडी शुद्ध करून, जाळून कपर्दिक भस्म करतात आणि ते अम्लपित्त, अपचन अशा तक्रारींवर देतात. औषधाला पिवळसर आणि पाठीवर गाठी असलेली कवडी चांगली, असे रसशास्त्र सांगते. हे वर्णन चलनातल्या जातीशीच जुळते.

कवडीचा पांढरा ठिपका प्राण्यांच्या नावांतही शिरला आहे. नदीवर एका जागी पंख फडफडवत थांबून खाली झेपावणारा काळा-पांढरा खंड्या तो कवड्या खंड्या. कवड्या साप घराच्या भिंतीवर, कौलांत पाली शोधत फिरतो. तो बिनविषारी असतो, पण अंगावरच्या पांढऱ्या पट्ट्यांमुळे मण्यार समजून मारला जातो. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे उलट असते : मानेजवळ पट्टे नसतात किंवा जेमतेम दिसतात आणि शेपटीकडे ते ठळक होत जातात.